थोरांचं वेळापत्रक

रोज एकदा ह्यांचे तळपाय उजेडात धरून बघायचे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ह्यांना नाही, मला सांगितलं होतं. शुगर इतकी वर्षं अंगात मुरलीय, पायाची जाणीव कमी झालीय, काटा मोडला तरी ह्यांना कळायचं नाही, म्हणून तुम्ही बघा. घरातसुद्धा चपलेशिवाय एक पाऊल टाकू देऊ नका, नाहीतर एखाद्या दिवशी पाय काढायची पाळी येईल. इतक्या सरळ शब्दांत. मी मान डोलावली. प्राथमिक शाळेत जन्म काढलेली बाई मी. सूचना ऐकायची कशी आणि दुसऱ्याकडून पाळून घ्यायची कशी, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आमचे हे पुतळे करतात. कोल्हापुरात एवढ्यावर कुणी मान वळवून बघत नाही. चार घरं सोडून कुणी ना कुणी मूर्ती, चित्रं, बोर्ड असलं काहीतरी करणारा निघतोच. पण ह्यांचा हात वेगळा. मी बायको म्हणून सांगत नाही, बायको म्हणून तर मी ह्यांना जन्मभर नावंच ठेवली. एका गावच्या शाळेसाठी ह्यांनी वारलेल्या हेडमास्तरांचा अर्धपुतळा केला होता. फोटो एकच, तोही ओळखपत्रावरचा. हे त्या गावात जाऊन दोन दिवस नुसते पारावर बसून आले, माणसांशी बोलून आले आणि मातीत असा चेहरा आणला, की हेडमास्तरांची बायको ह्यांच्या कामाच्या शेडमध्ये आली आणि तिनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी शेजारी उभी होते.

हाताला एवढी देणगी, पण जगण्याला शिस्त म्हणाल तर नावाला नाही. उठायचं दहाला. मिसळ खायची ती बारा वाजता, आणि जेवण चारला. तांबडा-पांढरा रस्सा समोर आला की शुगर गेली चुलीत. काम अंगात आलं की दोन-दोन दिवस घरी पत्ता नाही, आणि नसलं की आठवडाभर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून पाण्याकडे बघत सिगारेटी. आणि मी? मी रोज फळ्यावर सुविचार लिहिणारी. माझ्याकडे एक जाड वही होती, तिच्यात थोर माणसांच्या सवयी लिहून ठेवलेल्या. कोण पहाटे उठायचं, कोण मोजकं खायचं, कोण रोज चालायचं, कोण एका मिनिटाचाही हिशेब ठेवायचं. पोरांना वर्षानुवर्षं मी हेच पाजलं. मोठेपण म्हणजे दुसरं काय, रोजच्या बारीक सवयी.

हे मला त्यावरून छळायचे. म्हणायचे, तुझे थोर लोक पाचला उठायचे म्हणून थोर झाले, तर आपल्या गल्लीतलं कोंबडं अजून तसंच कसं राहिलं? मी म्हणायची, तुम्ही पाचला उठला असता तर आज जगानं नाव घेतलं असतं, नुसत्या चार तालुक्यांनी नाही. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याला मोजमाप नाही. खरं सांगायचं तर जगानं नाव घ्यावं हा माझा हट्ट नव्हताच. संध्याकाळी सातला माणूस घरात असावा, समोरासमोर बसून भाकरी खावी, दोन शब्द बोलावेत, एवढंच मला पाहिजे होतं. ते मागायला तोंड झालं नाही म्हणून मी थोरांना मध्ये घालत होते.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. बिद्रीच्या पलीकडच्या एका गावानं महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं काम ह्यांना दिलं. जन्मभर हे ज्याची वाट बघत होते ते काम. आणि त्याच पंधरवड्यात शुगर इतकी चढली, की हे शेडमध्ये चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, असंच चाललं तर घोड्यावर बसवायला महाराज राहतील, करणारा राहणार नाही. हे पहिल्यांदा घाबरलेले मी बघितले. घरी आल्यावर म्हणाले, दे बघू तुझ्या थोरांचं वेळापत्रक.

मी त्याच दुपारी मोठा कार्डशीट आणला आणि स्केचपेननं रकाने आखले. पाचला उठणे. चालणे. नाश्त्याला ज्वारीची भाकरी. गोळी. काम. एकला जेवण. परत गोळी. सातला जेवण. वाचन. साडेनऊला झोप. पुढं महिन्याचे दिवस, आणि पाळलं की त्या चौकटीत बरोबरची खूण. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी तो तक्ता चिकटवला. सगळं लिहिलं त्यात. तळपाय बघणे एवढं लिहिलं नाही. विसरले नव्हते. कसंतरीच वाटलं. कुठल्या थोर माणसाच्या चरित्रात बायको रोज पाय उलटून बघायची असं मी वाचलेलं नव्हतं. म्हटलं, बघत जाऊ आपण अधूनमधून, त्याला रकाना कशाला.

आणि बघता बघता हे बदलले की हो. माणूस चुकून एखाद-दुसरा दिवस पाळेल अशी माझी अपेक्षा. ह्यांनी माती हातात घेतल्यासारखं ते वेळापत्रक हातात घेतलं. पाचला उठून आधी चालायला जायचे, तिथून लहानपणीच्या तालमीत. लंगोट लावायचं वय गेलं, पण हौद्याच्या काठावर बसून पोरांच्या कुस्त्या बघायचे, चार बैठका मारायचे. सिगारेट सुटली. सातला दारात चपलांचा आवाज. मी ताट वाढायची आणि समोर बसायची. संसारात पहिल्यांदा मी ऊन भाकरी नवऱ्यासोबत खात होते. पुण्याहून लेकीचा फोन आला की मी तिला तक्त्याचा फोटो पाठवायची. ती म्हणायची, आई, बाबांना काय झालंय? हसून म्हणायची, आणि मी घाईनं विषय बदलायची.

काम तर असं चाललं होतं की भीती वाटावी. पन्हाळ्याच्या रस्त्याला ह्यांचं पत्र्याचं शेड आहे. लोखंडी सांगाड्यावर शाडूचा घोडा दिवसागणिक भरत होता. रोज संध्याकाळी माती तडकू नये म्हणून त्याच्यावर ओली पोती घालायची, सकाळी काढायची. मी दुपारी डबा घेऊन जायची. एका दुपारी पोती काढलेली होती आणि महाराजांच्या चेहऱ्यात डोळे आले होते. मी डबा खाली ठेवला आणि चपला काढल्या. हे हसले नाहीत. एरवी हमखास हसले असते.

घट बसायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, यंदा नवरात्रात अनवाणी राहणार. आता, कोल्हापुरात नवरात्रात निम्मं गाव अनवाणी असतं, त्याचं कुणाला नवल नाही. पण ह्यांनी कधी देवाचं काही पाळलेलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? तर म्हणाले, नऊ दिवसांत काय हुतंय? महाराजांचं तोंड झालंय, आता त्यांच्यासमोर चपला घालून कसा वावरू? मी भांडले. भांडले म्हणजे काय, ताटं आपटली. पण आतून मला बरंही वाटत होतं, ते कशाला लपवू. नेम धरणारा नवरा मला पाहिजेच होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात तक्त्याच्या खाली एक ओळ वाढवली, अनवाणी. आणि संध्याकाळी त्या चौकटीत खूण मीच केली.

तिथून पुढं जे काही दिसलं, ते मला दिसलं. दुसऱ्या कुणाला नाही.

तिसऱ्या माळेला मी डबा घेऊन गेले तेव्हा ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. शेडच्या बाहेर एक पत्रा उघड्यावर पडला होता. प्लास्टरचं काम करणारे मिस्त्री त्याच्यावरून जाताना चपलेत असूनही टणाटण उड्या मारत गेले. आमचे हे त्याच पत्र्यावर उभे राहून त्यांच्याशी बोलत होते, घोड्याच्या मानेबद्दल, अगदी निवांत, पाच मिनिटं तरी. मी ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. हे खाली पायाकडे बघून म्हणाले, व्हय की गं, तापलाय वाटतं. आणि बाजूला झाले. मला त्यांचं ते 'वाटतं' ऐकून कसंसंच झालं.

सहाव्या माळेला शेडच्या फरशीवर पांढऱ्या भुकटीत ह्यांची पावलं उमटलेली होती. घोड्याभोवती गोल गोल, शंभरदा फिरलेली. डाव्या टाचेच्या प्रत्येक ठशात एक तांबूस ठिपका होता. सांगाड्याला लावतात तो तांबडा रंग असणार, असं मी मनाशी म्हटलं. त्या रंगाचा डबा कोपऱ्यात झाकण बंद करून ठेवलेला होता, त्याच्यावर धूळ बसली होती. तेही मला दिसत होतं. तरी मी घरी येऊन नैवेद्याचं बघायला लागले.

आठव्या माळेला सकाळी मी मागच्या दारात सडा टाकायला निघाले होते. हे तालमीतून येऊन मागच्या पायरीवर बसले होते, पाठ माझ्याकडे. डावा पाय उजव्या मांडीवर उलटा घेतलेला. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत हौद्यातली लाल माती. आमच्याकडं तालमीच्या मातीवर लोकांचा भारी जीव. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती. खरचटलं, सुजलं, मुरगळलं की तीच लावायची. ह्यांचे वडील पैलवान होते, त्यांनी जन्मात दुसरं औषध बघितलं नाही. टाचेत एक भोक होतं. रुपयाएवढं. हे त्या भोकात ती माती अंगठ्यानं दाबून भरत होते, वरून गुळगुळीत करत होते, पुतळ्याची भेग बुजवतात अगदी तसं. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नाही. तोंडानं कुठलंसं गाणं चाललेलं.

मी दारात उभी होते. बादली हातात. एक शब्द बोलले असते तर त्याच सकाळी आम्ही दवाखान्यात असतो. पण मला पुढचं सगळं दिसलं. डॉक्टरीणबाई सक्तीनं झोपवून ठेवणार, काम थांबणार, माती तडकणार. हे चिडणार, आणि चिडले की तो तक्ता फाडून चुलीत घालणार. मग परत दहाला उठणं, परत सिगारेटी, परत सातला रिकामा पाट. एवढं वाईट असतं तर दुखलं नसतं का, असंही मी मनाला विचारलं. आणि न दुखणं हेच वाईट, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पाय न वाजवता मागं फिरले. पुढच्या दारानं जाऊन सडा टाकला. आत येऊन तक्त्यावर पाचच्या चौकटीत खूण केली.

दसऱ्याला हे अनवाणीच चौकात जाऊन आले, सोनं लुटून आले, आल्या-गेल्याला आपट्याची पानं वाटली. लंगडत नव्हते. एकदासुद्धा नाही. मी मागून चालताना सारखी ती टाच बघत होते. लालसर माती तिच्यावर घट्ट बसलेली. नवरात्र संपलं तरी चपला चढल्या नाहीत. मातीकाम पुरं होईपर्यंत असंच, म्हणाले. मी एकदा विचारलं, पाय बरे आहेत ना? बरे हैत की, म्हणाले. मी तेवढ्यावर समाधान करून घेतलं. माझ्यासारखी बाई, भाजीत मीठ जास्त पडलं तर तीन दिवस विषय न सोडणारी, तेवढ्यावर गप्प बसली.

दिवाळीच्या आधी अंगात कसकस सुरू झाली. दुपारची थंडी वाजायची, हे शाल पांघरून मातीकाम करायचे. घरात एक वास यायला लागला, गोडसर, कुजका. मी ह्यांचे कपडे गरम पाण्यात उकळले, शेडमधल्या ओल्या पोत्यांचा वास असणार म्हणून. धनत्रयोदशीला गावची समिती येऊन पुतळा बघून गेली. सरपंच घोड्यासमोर हात जोडून उभे राहिले. सगळ्यांनी मंजुरी दिली. त्या संध्याकाळी हे घरी आले ते उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, झालं बघ. चेहरा राखेसारखा पडला होता. मी मुद्दाम गोडाचं केलं नाही, शुगरचा माणूस म्हणून. इतकी मी शहाणी.

पाडव्याच्या सकाळी नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायची आपली रीत. मी ह्यांना मोरीत पाटावर बसवलं. पाठ, हात, मांड्या, पोटऱ्या, सगळीकडे तेल चोळत खाली आले. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. डावा पाय हातात घेतला तर घोट्यापर्यंत काळानिळा. टाचेवरची माती गरम पाण्यानं विरघळून सांडायला लागली, आणि चोळता चोळता माझा अंगठा आत गेला. हाडापर्यंत. हे माझ्याकडे बघत होते. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. मी किंचाळले ती गल्लीभर ऐकू गेली असेल.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी आधी विचारलं, हे कधीपासूनचं आहे? मी तोंड उघडायच्या आत हे कॉटवरून म्हणाले, आजच कळलं साहेब. हिनं न्हाऊ घालताना बघितलं म्हणून कळलं, न्हाईतर मी गेलतोच. सर्जन माझ्याकडे बघून म्हणाले, दोन दिवस अजून गेले असते तर जीव हाती लागला नसता, तुम्ही वेळेत आणलंत. मी भिंतीला टेकून उभी होते. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. लेक पुण्याहून आली, माझ्या गळ्यात पडून रडली. आई, तू होतीस म्हणून बाबा आहेत, म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

पुढं तेच सुरू झालं. जो येईल त्याला हे सांगायचे, हिनं बघितलं म्हणून वाचलो. तालमीतली माणसं आली, त्यांना तेच. शेजारच्या बायका माझ्या हातात नारळ देऊन जायच्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र एकदाच विचारलं, रोज बघत होतात ना? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

फेब्रुवारीत जयंतीला पुतळ्याचं अनावरण झालं. गावात लेझीम, ढोल, जेसीबीतून फुलं. पडदा ओढला आणि हजारभर माणसं एकदम उठून उभी राहिली. तसं काम ह्यांच्या हातून आधी झालं नव्हतं आणि, मला माहीत आहे, पुढं होणार नाही. सरपंचांनी माईकवर ह्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. पहाटे पाचला उठणं, व्रत, नेम. मोठी माणसं अशी घडतात, म्हणाले. आणि हे वेळापत्रक ज्यांनी आखलं, ज्यांच्या नजरेमुळं हा कलावंत आज आपल्यात आहे, त्या बाईंचाही सत्कार करू. मला व्यासपीठावर नेलं. शाल घातली. टाळ्या थांबेनात. मला वाटत होतं, ह्या पायऱ्या आत्ता तुटाव्यात आणि मी खाली जावं.

परत येताना बिद्रीजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी थांबून राहिली, ड्रायव्हर पुढं काय झालंय बघायला उतरला. मला ती शाल अंगावर सोसवेना. काढून बाजूला ठेवली आणि सांगून टाकलं. आठव्या माळेला मी बघितलं होतं म्हटलं. माती भरताना. दारात उभी होते, बघितलं आणि गप्प आत गेले. तुमचा पाय माझ्यामुळं गेला. मला रडूही येत नव्हतं.

हे काचेतून उसाकडे बघत होते. तसेच म्हणाले, "म्हाईत हाय मला. सावली पडलेली तुझी पायरीवर."

मी विचारलं, मग बोलला का नाही? इतके महिने सगळ्यांना खोटं का सांगत फिरलात?

ह्यांनी माझा हात हातात घेतला. राग नव्हता आवाजात, थोडे हसलेसुद्धा. म्हणाले, "तवा जखम बघून मी बी घाबरलेलोच की. म्हटलं, आता ही वरडणार, आता धरून दवाखान्यात नेणार. तुझी वाटच बघत हुतो म्हण. तर तू गप माघारी गेलीस. मग म्हटलं, काय नसंल एवढं. जन्मात कधी गप बसलीयास व्हय तू?"